हिमपेरणी : काचेच्या घंटेपासून दुधाच्या कॅनपर्यंत

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एम. ए.च्या भाषांतराच्या तासाला आम्ही बागकामाविषयीचा एक इंग्रजी उतारा विद्यार्थ्यांना दिला होता. त्यात 'विंटर सोइंग' असा शब्दप्रयोग होता. एका विद्यार्थिनीने त्याचे भाषांतर 'रब्बीची पेरणी' असे केले. मुलगी सोलापूर जिल्ह्यातली; घरी शाळूचे रान. हिवाळ्यातली पेरणी म्हणजे रब्बी, याविषयी तिच्या मनात संदेह असण्याचे कारण नव्हते. आमच्याही मनात तो आला नाही. आम्ही समासात 'उचित देशी प्रतिशब्द' असा शेरा मारला आणि एक गुण वाढवून दिला.

तीच विद्यार्थिनी आता अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. गेल्या जानेवारीत तिने एक छायाचित्र पाठवले. अंगणात गुडघाभर बर्फ, आणि त्यात ओळीने रोवल्यासारखे दिसणारे दुधाचे पांढुरके प्लास्टिकचे कॅन. प्रत्येकाचे तोंड उघडे, झाकण काढलेले. सोबत एकच वाक्य होते : "सर, मॅडम, तो एक गुण परत घ्या."

चूक कोठे झाली हे उघड आहे. रब्बीचे बी पावसाळ्याने भिजवलेल्या, अजून ऊब असलेल्या जमिनीत पडते आणि आठवडाभरात वर येते. मिनेसोटातील जानेवारीत पेरलेले बी उगवू नये यासाठीच पेरलेले असते. त्याने दोन-अडीच महिने काहीही करायचे नाही. गोठायचे, वितळायचे, पुन्हा गोठायचे. मातीत बी आहे पण पेरणाऱ्याला अंकुराची घाई नाही, अशी ही पेरणी. आमच्या डोळ्यांपुढे असा हिवाळाच नसल्याने ती आम्हाला दिसली नाही. या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून म्हणा किंवा कुतूहल म्हणून म्हणा, आम्ही दोघांनी या कॅनचा पूर्वेतिहास धुंडाळला. प्रस्तुत लेख हे त्याचे फलित आहे.

प्रथम वस्तूविषयी. अमेरिकेत दूध बहुधा एक गॅलनच्या, म्हणजे पावणेचार लिटरहून किंचित अधिक मापाच्या, मुठीच्या प्लास्टिकच्या भांड्यात मिळते. तेथे त्याला 'जग' म्हणतात. मराठीत हा शब्द तसाच घेतला तर 'जगात बी पेरले' अशी वाक्ये तयार होऊन वाचक भलत्याच तत्त्वज्ञानात शिरेल. 'बरणी' म्हणावे तर बरणीचे तोंड रुंद असते. म्हणून आम्ही 'कॅन' म्हणतो. घरोघरी तोच शब्द आहे.

कृती साधी आहे. रिकामा कॅन धुवायचा. बुडाला पाणी निथळण्यासाठी चार-सहा भोके पाडायची. मग मुठीच्या खालच्या अंगाने तो आडवा कापायचा, पण पुरता नाही. मुठीकडचा बोटभर भाग बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. आत चार बोटे ओली माती, तीवर बी. वरचा भाग मिटून चिकटपट्टीने बंद करायचा, झाकण फेकून द्यायचे, आणि तो कॅन उघड्यावर नेऊन ठेवायचा. यानंतर माणसाचे काम संपते. तोंडातून बर्फ आत पडतो, वितळतो, माती ओली राहते. भिंती अर्धपारदर्शक असल्याने उजेड पोहोचतो, पण ऊन थेट भाजत नाही. पक्षी आणि खारी यांना आत प्रवेश नाही. मार्च-एप्रिलमध्ये ज्या बियांना जेव्हा योग्य वाटेल तेव्हा त्या उगवतात. उन्हे तापू लागली की दिवसा कॅन उघडायचा, रात्री मिटायचा. घरातल्या दिव्याखाली वाढवलेली रोपे एकदम बाहेर नेली तर कोमेजतात; त्यांना वाऱ्याउन्हाची सवय हळूहळू लावावी लागते. या रोपांना ती लावावी लागत नाही, कारण ती जन्मापासून बाहेरचीच असतात.

रोपाला पारदर्शक आच्छादन घालण्याची कल्पना मात्र दोन हजार वर्षांची आहे, आणि तिचा आरंभ राजाच्या ताटात होतो.

रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने आपल्या 'निसर्गेतिहासा'च्या एकोणिसाव्या खंडात सम्राट टायबेरियसविषयी (राज्यकाल इ. स. १४ ते ३७) नोंद केली आहे. सम्राटाला काकडी इतकी प्रिय की ती नाही असा दिवस जात नसे. म्हणून त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ऊन असेल तेव्हा ते बाहेर ढकलायचे. थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली आणायचे. हा दगड म्हणजे जिप्समचा एक स्वच्छ, पापुद्रे निघणारा प्रकार. खिडकीसाठी काच वापरणे तेव्हा नुकतेच सुरू होत होते. काकडीविषयीही अलीकडच्या वनस्पति-इतिहासकारांनी शंका घेतली आहे. त्यांच्या मते टायबेरियसची 'काकडी' ही आजची काकडी नसून खरबुजाच्या जातीतले लांबट, वाकडे फळ असावे, म्हणजे आपल्या वाळकाच्या जवळचे. एका सम्राटाच्या वाळकाच्या हौसेपायी काचघराची कल्पना जन्मली, हे आम्हाला विलक्षण वाटते.

याच शतकाच्या अखेरीस कवी मार्शल याने आठव्या पुस्तकातील एका उपरोधिक कवितेत आपल्या धनिक आश्रयदात्याला चिमटा काढला आहे. आशय असा : तुमच्या परदेशी फळझाडांना थंडी बाधू नये म्हणून तुम्ही पारदर्शक तावदाने लावली आहेत आणि मला दिलेल्या खोलीची खिडकी मात्र मोडकी आहे, मग मला तुमच्या झाडाचाच पाहुणा का होऊ देत नाही? वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी ही कविता केवळ विनोदाचा नमुना म्हणून वाचू नये असे आम्हाला वाटते. हिवाळ्यापासून संरक्षण कोणाला मिळते, माणसाला की मालकाच्या झाडाला, हा प्रश्न तिने प्रथम विचारला, आणि पुढची अठराशे वर्षे त्याचे उत्तर फारसे बदलले नाही.

बदल झाला तो पॅरिसमध्ये, तोही तेथील भाजीवाल्या माळ्यांच्या हातून. एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहराच्या आत आणि कडेला लहान लहान तुकड्यांवर भाजी पिकवणाऱ्यांची मोठी वस्ती होती. त्यांचे मुख्य साधन होते 'क्लॉश', म्हणजे शब्दशः घंटा : हिरवट काचेची, हातभर रुंद, रोपावर पालथी घालायची. अशा घंटा लाखोंनी वापरात होत्या. मोरो आणि दाव्हेर्न या दोन माळ्यांनी १८४५ साली या शेतीची माहितीपुस्तिका लिहिली. तीत या कष्टांचे तपशीलवार वर्णन आहे. सकाळी प्रत्येक घंटेची एक कड उचलून तिच्याखाली खाचा असलेली लाकडी काठी टेकवायची, ऊन वाढेल तशी ती वरच्या खाचेत सरकवायची, संध्याकाळी काढून घ्यायची. रात्री गोठणार असेल तर वर गवताच्या चटया. खाली ऊब द्यायला घोड्याची लीद. ती शहरातल्या हजारो घोड्यांकडून मिळे. क्रोपोत्किन या रशियन विचारवंताला या माळ्यांचे इतके कौतुक वाटले की त्याने शेती आणि उद्योग यांवरील आपल्या ग्रंथात त्यांचे दाखले पुनःपुन्हा दिले. पुढे आगगाडीने दक्षिणेची भाजी पॅरिसला स्वस्तात आणली, मोटारींनी घोडे घालवले, घोड्यांबरोबर लीद गेली, आणि ही शेती ओसरली. आज त्या घंटा जुन्या वस्तूंच्या दुकानांत शोभेसाठी विकल्या जातात.

इंग्लंडमध्ये काच महाग होती, कारण तिच्यावर कर होता. घरांच्या खिडक्यांवरचा कर १६९६ पासून १८५१ पर्यंत चालला; काचेच्या उत्पादनावरचा कर १८४५ साली उठला. त्यानंतरच मध्यमवर्गाच्या परसात काचेची घरे दिसू लागली. परंतु त्याआधी, १८२९ साली, लंडनच्या पूर्व भागातील एका डॉक्टरच्या खिडकीत जे घडले त्याचे परिणाम परसापुरते राहिले नाहीत.

डॉ. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना नेचे वाढवण्याचा छंद होता, आणि कोळशाच्या धुरात ते जगत नसत. एकदा त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला. पतंगाचे काय होते हे त्यांना पाहायचे होते. उगवले मात्र एक नेच्याचे रोप आणि एक गवत. दिवसा बाटलीतला ओलावा काचेवर जमे, रात्री खाली उतरे. बाहेरचे पाणी न मिळता ही दोन रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. वॉर्ड यांनी मग लाकूड आणि काच यांच्या बंद पेट्या करविल्या आणि १८३३ साली रोपे भरून त्या जहाजाने सिडनीला पाठवल्या. रोपे जिवंत पोहोचली. परतीच्या प्रवासात त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियाची रोपे विषुववृत्ताचा उन्हाळा आणि केप हॉर्नचे बर्फ सोसून लंडनला आली.

यानंतर या पेटीचा इतिहास साम्राज्याच्या इतिहासात मिसळून जातो. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणला तो याच पेट्यांतून. चहाचे बी वाटेत मरते हे ध्यानात आल्यावर त्याने ते पेटीतल्याच मातीत पेरले आणि समुद्रावर उगवू दिले. सिंकोनाची रोपे १८६० साली दक्षिण अमेरिकेतून इंग्लंडमार्गे मुंबईला उतरली. तांबड्या समुद्राच्या उष्म्याने ती आधीच कोळपली होती, आणि नीलगिरीवर पोहोचून ती वाचली नाहीत. पुढे बियांवरून लागवड साधली; तिचा एक प्रयत्न महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही झाला आणि तो फसला. आज धबधबा पाहायला जाणाऱ्या सहलींना त्याची कल्पना नसते. रबराची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या, त्यांतल्या २,७०० च्या आसपास उगवल्या, आणि १,९१९ रोपे वॉर्डच्या पेट्यांतून श्रीलंकेला गेली. एका डॉक्टरच्या खिडकीतल्या बाटलीने मळ्यांचे भूगोल बदलले. त्या मळ्यांवर राबणाऱ्या मजुरांना कोणत्या काचेखाली आसरा मिळाला, हा मार्शलचा प्रश्न येथेही विचारता येतो.

येथवरच्या सर्व आच्छादनांचा हेतू एकच होता : बाहेरचे हवामान आत येऊ द्यायचे नाही. मिनेसोटातल्या कॅनचे तोंड उघडे असते. त्यामुळे सम्राटाचे वाफे, पॅरिसच्या घंटा आणि वॉर्डची पेटी यांचा तो रूपाने वंशज असला तरी स्वभावाने नाही, हे आमच्या उशिरा ध्यानात आले. त्याचे खरे कूळ शोधायचे तर काच बाजूला ठेवून वाळूकडे जावे लागते.

इंग्रज लेखक जॉन एव्हलिन याने १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिल्व्हा' या वृक्षविषयक ग्रंथात झाडांच्या बिया हिवाळाभर ओलसर वाळूत थरावर थर देऊन ठेवण्याची रीत सांगितली आहे. 'थर' याच अर्थाच्या लॅटिन शब्दावरून या क्रियेला 'स्ट्रॅटिफिकेशन' हे नाव पडले. आज थरांचा पत्ता नसला तरी शब्द टिकून आहे. थंड मुलखातील अनेक वनस्पतींचे बी शरदात गळते. ते लगेच उगवले तर कोवळे रोप पहिल्याच बर्फात मरेल. म्हणून बियांत एक अडसर असतो, आणि ओलाव्यासह काही आठवडे थंडी मिळाल्याशिवाय तो निघत नाही. थंडीच्या त्या काळात अंकुरण रोखणारी संप्रेरके ओसरतात आणि त्याला चालना देणारी वाढतात. येथे एक लोकसमज दुरुस्त करावासा वाटतो. बर्फाने बियांचे कवच फुटते म्हणून त्या उगवतात, असे बागकामाच्या लेखनात वारंवार आढळते. कठीण कवचाच्या काही बियांबाबत त्यात तथ्य असेल. पण बहुतेकांचे काम कडाक्याच्या गोठणीने होत नाही, तर शून्याच्या किंचित वरच्या, ओल्या, कंटाळवाण्या थंडीने होते. म्हणजे बी पुरते गोठलेले असते त्या रात्री हिशेबात जवळजवळ धरल्याच जात नाहीत.

बियांच्या या वाट पाहण्याचा सर्वांत लांब प्रयोगही बाटल्यांतच चालू आहे, आणि तो मिनेसोटापासून फार दूर नाही. मिशिगन राज्याच्या कृषी महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम जेम्स बील यांनी १८७९ च्या शरदात २० बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू, आणि तीत २१ जातींच्या प्रत्येकी ५० बिया. बाटल्यांना बूच लावले नाही. पाणी साचू नये म्हणून तोंड खाली करून त्या महाविद्यालयाच्या आवारात पुरल्या. शेतातले तण कितीदा उपटले म्हणजे संपेल, हा शेतकऱ्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची असे ठरले; पुढच्यांनी ते अंतर दहा आणि मग वीस वर्षांवर नेले. २००० साली काढलेल्या बाटलीतून प्रामुख्याने व्हर्बॅस्कम नावाच्या रानफुलाची रोपे उगवली. शिवाय मालो वर्गातील एक बी, अगदी एकच, थंडी दिल्यानंतर उगवले. त्यापुढची बाटली महासाथीमुळे वर्षभर उशिरा, एप्रिल २०२१ मध्ये, उजेड लागू नये म्हणून सूर्योदयापूर्वी उकरून काढण्यात आली. त्याही बियांतून व्हर्बॅस्कम आले. आता चार बाटल्या उरल्या आहेत आणि शेवटची २१०० साली निघायची आहे. बील १९२४ साली वारले. आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष आपल्याला कळणार नाही हे ठाऊक असलेल्या या प्राध्यापकाविषयी, दर सत्राअखेर निकालाच्या तारखा सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना हेवा वाटतो.

आता प्लास्टिकच्या कॅनकडे. अमेरिकेत दुधाची काचेची बाटली १८८० च्या दशकात आली. न्यू यॉर्क राज्यातील पॉट्सडॅमचे हर्व्ही थॅचर यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. ती बाटली परत जात असे, धुतली जात असे, पुन्हा भरली जात असे. आपल्याकडच्या आरेच्या बाटल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही. प्लास्टिकने हे चक्र तोडले. १९५१ साली ओक्लाहोमातील फिलिप्स पेट्रोलियमच्या पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांना, आणि १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांना, घट्ट व कडक पॉलिथिलीन बनवण्याच्या दोन वेगळ्या वाटा सापडल्या. झिग्लर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. फिलिप्सच्या कारखान्यात मात्र प्रथम दर्जाला न उतरलेल्या मालाने गोदामे भरली, आणि तो माल खपला तो १९५८ साली आलेल्या हूला हूप या खेळण्यामुळे. मुलांनी कमरेभोवती फिरवलेल्या त्या कड्यांनी ज्या पदार्थाला तारले, त्याचेच कॅन १९६० च्या दशकात दुधासाठी आले. साठेक ग्रॅम वजनाचे हे भांडे आठवडाभर दूध सांभाळते आणि मग कचऱ्यात जाते. बुडाला त्रिकोणात २ हा आकडा असतो. पुनर्वापरासाठी प्लास्टिकची जात सांगणारे हे आकडे १९८८ पासूनचे आहेत.

या कॅनचा बियांशी संबंध जोडून त्या रीतीला 'विंटर सोइंग' हे नाव देण्याचे आणि ती घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय सामान्यतः न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवरील ट्रुडी डेव्हिडॉफ यांना दिले जाते. काळ विसाव्या शतकाच्या अखेरचा. रीतीतले घटक जुनेच होते. घरात दिवे आणि फळ्या मांडायला जागा नाही, काचघर परवडत नाही, अशा माणसाच्या आवाक्यात ते आले हे नवे. ज्या आच्छादनासाठी सम्राटाला दगडाचे पत्रे लागले, ते आता रिकाम्या कॅनच्या रूपाने कचऱ्यात मिळते. आमच्या विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी शेजाऱ्यांकडून कॅन मागून आणले होते. मागताना लाज वाटली, असे तिने लिहिले आहे. नंतर शेजारीच दारात ठेवून जाऊ लागले.

तिच्या अठरा कॅनपैकी सहांत एकच बी आहे : मिल्कवीडचे. हे झुडूप आपल्या रुईच्या कुळातले. पान मोडले की पांढरा चीक, फळ फुटले की रेशमी तंतूंवर उडणाऱ्या बिया. शनिवारी मारुतीला वाहतो त्या रुईवर जसे प्लेन टायगर नावाचे फुलपाखरू अंडी घालते, तसे त्याचे अमेरिकेतील भावंड मोनार्क मिल्कवीडवर घालते, आणि त्याच्या अळ्या दुसरे काही खात नाहीत. या झुडपाइतके दैवाचे फेरे थोड्याच वनस्पतींच्या वाट्याला आले असतील. लिनियसने त्याला सीरियाचे समजून 'सिरियाका' असे नाव दिले. ते अस्सल उत्तर अमेरिकेचे आहे. शेतकऱ्याला ते तण. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतल्यावर जीवरक्षक जाकिटांत भरायचा सावरीसारखा कापूस बंद झाला, तेव्हा सरकारने शाळेतल्या मुलांना कांद्याच्या पोत्यांतून मिल्कवीडची बोंडे गोळा करायला लावले. दोन पोत्यांत एक जीव वाचतो, अशी घोषणा होती. युद्ध संपताच ते पुन्हा तण झाले. १९९६ पासून तणनाशकाला दाद न देणारे सोयाबीन आणि मागोमाग तसाच मका आला. पिकाला न मारता बाकी सर्व मारता येऊ लागले, आणि मध्य-पश्चिमेच्या शेतांतून मिल्कवीड नाहीसे होत गेले.

मोनार्क हिवाळ्यात मेक्सिकोच्या डोंगरांतील ओयामेल वृक्षांवर झुंबडीने बसतात. ते एकेक मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेले रान मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांहून अधिक होते. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर; २०२३-२४ मध्ये ०.९ हेक्टर, पुढच्या हिवाळ्यात १.७९. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०२२ साली या स्थलांतरी फुलपाखराला धोक्यातील यादीत घातले, २०२३ साली एक पायरी खाली आणले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या वन्यजीव खात्याने त्याला संकटग्रस्त ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. मिल्कवीडच्या बियांना महिनाभर तरी ओली थंडी लागते, आणि म्हणून दुधाचा कॅन त्यांना सोयीचा पडतो. वसंतात मातीचा गड्डा वडीसारखा कापून, मुळे न मोकळी करता, जमिनीत बसवायचा. सहा कॅनांनी फुलपाखरू वाचेल असे आमच्या विद्यार्थिनीचेही म्हणणे नाही. तिच्या घरामागचे सोयाबीन चाळीस एकरांचे आहे.

प्लास्टिकविषयी आमच्या दोघांत मतभेद आहेत ते नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. एकाच्या मते ही रीत म्हणजे कचऱ्याला दिलेला दुसरा जन्म. दुसरीच्या मते हा जन्म फार तर दोन हंगामांचा. उन्हाने कॅन ठिसूळ होतो, चुरा मातीत मिसळतो, आणि पुनर्प्रक्रियेला गेला असता तो तुकडा कायमचा परसात राहतो. आपल्याकडे दुधाच्या रिकाम्या पिशवीत रोप लावतात तेथेही हीच गत. ठिसूळ होण्याआधी, पहिल्याच हंगामानंतर कॅन पुनर्प्रक्रियेला द्यावा, एवढ्यावर आमचे एकमत झाले. ते पाळले जाते की नाही हे वेगळे.

राहिला प्रतिशब्द. 'रब्बीची पेरणी' बाद झाली. आम्ही बराच काळ 'शीतपेरणी', 'हिवाळी बीजारोपण' असे शासकीय वळणाचे शब्द जुळवीत बसलो होतो. अखेर लक्षात आले की मराठीत या क्रियेला जवळचा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आधीपासून आहे : धूळपेरणी. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्या, धुळीच्या जमिनीत बी टाकून ठेवायचे आणि पावसाची वाट पाहायची. कोकणात भाताचे धूळवाफे असतात, खानदेश-विदर्भात कपाशी अशी पेरतात. बी मातीत, पण ऋतू अजून यायचा आहे, हे दोन्हींकडे सारखे. म्हणून 'हिमपेरणी'. अर्थात साम्य ओढूनताणून पुढे नेऊ नये. पाऊस शिंतोडा देऊन दडी मारतो तेव्हा धूळपेरणीचे कोंब जळतात आणि दुबार पेरणीचे कर्ज अंगावर येते. मिनेसोटातील परसात बुडते ती दोन-चार डॉलरची पुडी. आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी दोन्ही अनुभवल्यासारखे एकच वाक्य फोनवर उच्चारले होते : "तुझं बरंय, तुझा बर्फ वेळेवर येतो."

तोही हल्ली येतोच असे नाही. यंदा फेब्रुवारीअखेर तेथे आठ दिवस ऊब पडली, तीन कॅनांत कोंब वर आले, आणि मग पारा पुन्हा उणे पंधरावर गेला. तिने रात्री उठून कॅनांवर जुनी सोलापुरी चादर टाकली. दोन वाचले. मे महिन्यात तिने शेवटचा हिशेब कळवला : अठरांपैकी अकरा उगवले, त्यांत मिल्कवीडचे चार. एका कॅनवरचे नाव मात्र उन्हाने उडाले होते. शाईऐवजी शिसपेन्सिलीने लिहायला हवे होते, हे तिला उशिरा सुचले. त्यातल्या दोनपानी रोपाचे छायाचित्र पाठवून तिने आम्हाला विचारले, हे काय असेल. आम्ही ते वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना दाखवले. ते म्हणाले, तिसरे पान येऊ द्या.